‘रेस्क्यू मी’ बघणाऱ्या कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, अग्निशमन दलात फायरमन म्हणून लागले आणि तांडेल (फायरमनच्या वरचं पद) होऊन निवृत्त झाले. न्यूयॉर्कच्या फायरमन लोकांवरची ‘रेस्क्यू मी’ ही मालिका मी पेठेतल्या, नात्यातल्या आणि कामाच्या ठिकाणच्या बऱ्याच जणांना बघायला लावली. तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. शेवट फोडणारी माहिती जिथं आहे तिथं आधी तसं सांगितलं आहे.

मालिका नेमकी कशाची आहे?

न्यूयॉर्कमधल्या हार्लेम भागातल्या एका कल्पित अग्निशमन केंद्राची. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. मालिका सुरू होते ती त्यानंतर सुमारे तीन वर्षांनी, म्हणजे फुलं वाळून गेल्यावर, भाषणं संपल्यावर. टॉमी गॅव्हिन हा नायक. त्याचा नात्यातला भाऊ आणि जिवलग दोस्त जिमी त्या दिवशी इमारतीत गेला तो परत आलाच नाही. टॉमी वाचला. बायको जॅनेट वेगळी राहते, आणि हा तिच्याच घरासमोर रस्त्यापलीकडं बिऱ्हाड थाटून बसलाय. कामावर तो वाघ आहे. कामावरून सुटला की दारू पितो, खोटं बोलतो, पोरांवर ओरडतो.

डेनिस लिअरी आणि पीटर टोलन यांनी ती तयार केली आणि टॉमीचं काम लिअरीनंच केलंय. २१ जुलै २००४ ला एफएक्स वाहिनीवर सुरू झाली, ७ सप्टेंबर २०११ ला संपली. सात सीझन, ९३ भाग.

आगीचा थरार बघायचाय. तेवढ्यासाठी बघू का?

निराश व्हाल. आगी आहेत, चांगल्या घेतल्यात, पण एका भागात त्या काही मिनिटांच्या. बाकीचा वेळ केंद्रातल्या जेवणाच्या टेबलावर जातो. तिथं ही माणसं एकमेकांची इतकी टर उडवतात की आधी हसू येतं, मग लक्षात येतं की ज्याचं काहीतरी खरंच दुखतंय त्याचीच टर सगळ्यात जास्त उडवली जातेय. टर उडवण्याखेरीज विचारपूस करायची दुसरी रीत त्यांना ठाऊकच नाही. आमच्याकडं आबांचे जोडीदार यायचे तेव्हा सोप्यावर अगदी असंच चालायचं.

कथा खरी आहे का?

पात्रं कल्पित आहेत. मागचं दुःख मात्र खरं आहे, आणि ते ११ सप्टेंबरच्याही आधीचं आहे.

लिअरी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर गावचा. ३ डिसेंबर १९९९ ला तिथल्या एका बंद पडलेल्या शीतगोदामाला आग लागली. इमारतीला खिडक्या जवळजवळ नव्हत्याच, आत भिंतींचा चक्रव्यूह. बेघर लोक आत अडकलेत असं कळलं म्हणून दोघं फायरमन शोधायला शिरले आणि धुरात वाट चुकले. त्यांना शोधायला गेलेले आणखी चौघंही परत आले नाहीत. ज्यांच्यासाठी सहा जण गेले ती माणसं आधीच बाहेर पडली होती. त्या सहांत लिअरीचा नात्यातला भाऊ होता आणि शाळेपासूनचा एक मित्र होता. पुढच्याच वर्षी लिअरीनं फायरमन लोकांना साधनं आणि प्रशिक्षण मिळावं म्हणून संस्था काढली. मालिका त्यानंतर आली.

हे माहीत असलं की टॉमीचा जिमीवरचा राग वेगळा ऐकू येतो. आपल्या आधी मरून गेला म्हणून माणूस मेलेल्यावर चिडतो, हे लिहिणाऱ्याला कुठून सापडलं असेल ते कळतं.

टॉमीला मेलेली माणसं दिसतात. ही भुताटकीची मालिका आहे का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जिमी येऊन टॉमीच्या गाडीत बसतो, गप्पा मारतो, चिडवतो. पुढं ज्यांना टॉमी वाचवू शकला नाही तीही माणसं येतात. त्यातलं कुणी भिंतीतून निघत नाही, मागं भेसूर संगीत वाजत नाही. शेजारी बसावीत तशी ती बसतात. ज्यानं असा माणूस घरात बघितलाय त्याला यात नवल वाटणार नाही.

आमचे आबा रंकाळ्यावर फिरायला येतात. पदपथावर एका ठरावीक जागी आलं की ते बोलायचं थांबतात, पाण्याच्या बाजूनं मला घेतात, स्वतः रस्त्याकडं बघत चालतात आणि वीसेक पावलांनंतर अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करतात. विचारलं तर म्हणतात, “चल बाळ, उशीर हुतोय.” उशीर कशालाच होत नसतो. त्या जागी त्यांनी कुणाला बाहेर काढलं होतं, हे मला आईकडून कळलं, तेही निम्मंच. मालिकेतला जिमी मला त्या वीस पावलांसारखा वाटतो.

टॉमीच्या बाबतीत लेखकांनी एक फार खरी गोष्ट पकडली आहे. त्यानं किती लोक वाचवले हे त्याला आठवत नाही. न वाचलेल्यांचे चेहरे मात्र त्याला पाठ आहेत.

इतकी दारू, इतक्या शिव्या, इतकं वाईट वागणं. हा जवानांचा अपमान नाही का?

हा प्रश्न रागानं विचारला जातो आणि तो राग मला आवडतो, कारण तो जवानांविषयीच्या प्रेमातून येतो. तरीही माझं मत उलट आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांवर गेली, २०२१ च्या जुलैत ५६ फुटांवर. तिथं इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, यावरून काय झालं असेल ते बघा. दोन्ही वेळा अग्निशमन दलाची पोरं एनडीआरएफच्या जवानांच्या बरोबरीनं बोटी घेऊन दिवसरात्र पाण्यात होती. पूर ओसरला आणि सत्कार सुरू झाले. तालमी, मंडळं, संस्था, सगळ्यांनी मनापासून केले. शाल, श्रीफळ, हार, फोटो. कोल्हापूर कृतज्ञतेत कधी हात आखडत नाही.

पण हार गळ्यात असलेल्या माणसाला “रात्री झोप लागते का?” असं कुणी विचारत नाही. आणि ज्याला चार लोकांसमोर वीर म्हटलंय त्यानं घरी जाऊन “मला भ्या वाटतंय” असं कसं म्हणायचं? म्हटलं तर त्या शालीला कमीपणा येईल, असं त्याला वाटतं. आबांनी असल्या शाली घडी करून ट्रंकेत ठेवल्यात. त्या कधी अंगावर घेतल्या नाहीत, कुणाला दिल्याही नाहीत.

‘रेस्क्यू मी’ टॉमीला देव्हाऱ्यात बसवत नाही. तो आगीत शिरतो आणि त्याच रात्री पोरीच्या वाढदिवसाला पिऊन जाऊ शकतो, अशा माणसाची ही गोष्ट आहे. असा माणूस दाखवला म्हणजे त्याला माणूस म्हणून वागवलं. मला तरी यात सत्कारापेक्षा जास्त आदर दिसतो.

बायकांचं चित्रण खटकतं. मला एकटीलाच खटकतं का?

नाही, मलाही खटकतं, आणि अमेरिकेतही अनेकांना खटकलं होतं. २००६ च्या तिसऱ्या सीझनमध्ये टॉमी जॅनेटवर जबरदस्ती करतो असा प्रसंग आहे, आणि मालिका तो ज्या पद्धतीनं सोडून देते त्यावर तेव्हा मोठी टीका झाली. ती टीका रास्त होती. माणूस दुखावलेला आहे म्हणून त्यानं काहीही करावं, हे त्याचं समर्थन होऊ शकत नाही, आणि त्या जागी लेखक त्याच्याकडं फार झुकलेत. पहिल्या दोन सीझनमध्ये लॉरा नावाची महिला फायरमन केंद्रात येते. तिला तिथं मिळणारी वागणूक बघवत नाही, पण ती दाखवायलाच हवी होती.

जिमीची विधवा शीला हे पात्र मात्र आमच्या आईनं मन लावून बघितलं. शीलाला सगळं शहर ‘त्या वीराची बायको’ म्हणून ओळखतं. तिनं हसायचं नाही, चिडायचं नाही, दुसऱ्या माणसाचं नाव काढायचं नाही. ती मग वेड्यासारखी वागायला लागते. आई म्हणाली, “तिला कुणी रडूबी दिलं न्हाई नि जगूबी दिलं न्हाई.” शीलाविषयी यापेक्षा नेमकं मी काही वाचलेलं नाही.

तिथलं काम आणि आपल्या कोल्हापूरच्या फायर ब्रिगेडचं काम, फरक काय?

सगळ्यात मोठा फरक कामाच्या वाटणीचा. न्यूयॉर्कमध्ये ‘इंजिन’ आणि ‘ट्रक’ अशा दोन वेगळ्या तुकड्या असतात. इंजिनवाल्यांनी पाणी न्यायचं आणि आग विझवायची. ट्रकवाल्यांनी दार फोडायचं, शिडी लावायची, धूर बाहेर काढायला वाट करायची, माणसं शोधायची. टॉमी ६२ ट्रकमध्ये आहे, म्हणून तो बहुतेक वेळा हातात नळी न घेता आधी आत घुसताना दिसतो. हे ठाऊक नसलं की “हा पाणी का मारत नाही?” असं सारखं वाटत राहतं.

आपल्याकडं बंबावर जे पाच-सहा जण असतील त्यांनीच सगळं करायचं. घरात सिलिंडर पेटला, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याला आग लागली, साखर कारखान्यात बगॅसचा, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चिपाडांचा, ढीग धुमसायला लागला की वर्दी (मदतीला बोलावणं) येते आणि बंब निघतो. बगॅस वरून विझल्यासारखा दिसतो आणि आतून जळत राहतो, म्हणून ते काम फार चिवट. पण आगीखेरीजच्या वर्द्याही तितक्याच. वळवात रस्त्यावर पडलेलं झाड, विहिरीत पडलेली म्हैस, मांज्यात अडकलेली घार. गणपतीत विसर्जनाला इराणी खणीवर आणि पंचगंगा घाटावर उभं राहायचं. पावसाळ्यात सुतारवाड्यात पाणी शिरायला लागलं की तिथल्या कुटुंबांना चित्रदुर्ग मठात हलवायला हजर व्हायचं. आणि नदीत बुडालेल्यांना शोधायचं. हे शेवटचं काम आगीपेक्षा जास्त मनावर बसतं, असं आबांच्या जोडीदारांकडून मी ऐकलंय. आगीत घाई असते, करायला काहीतरी असतं. नदीच्या काठावर घरचे लोक उभे असतात आणि गळ टाकणाऱ्याच्या हाताकडं बघत असतात.

केशवराव भोसले नाट्यगृहाच्या आगीनंतर ही मालिका बघताना वेगळं वाटतं का?

हो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्टला संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर ते, शेजारी खासबाग मैदान. अख्खं शहर रस्त्यावर आलं होतं, मोठमोठी माणसं लेकरासारखी रडत होती.

ज्यांच्या हातात त्या रात्री पाण्याची नळी होती त्यांच्यात याच रंगमंचावर लहानपणी नाटकं बघितलेली माणसं होती. रडायला त्यांना सवड नव्हती. आबा दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघून आले. छपराविषयी, खुर्च्यांविषयी काही बोलले नाहीत. चहा घेताना एवढंच म्हणाले, “पोरांनी रात्रीचं काय खाल्लं असंल का?”

मालिकेत मोठ्या आगीनंतरचे असे काही प्रसंग आहेत. केंद्रात सगळे काळेठिक्कर होऊन बसलेत, कुणी कुणाकडं बघत नाही. आधी मी ते प्रसंग पुढं ढकलायचे. आता थांबून बघते.

आग आणि धूर खरे दाखवलेत का?

कॅमेऱ्याला काहीतरी दिसायला हवं, म्हणून उजेड खऱ्यापेक्षा बराच जास्त. प्रत्यक्षात बंद घरातल्या आगीत स्वतःचा हात दिसत नाही. भिंतीला हात लावून, गुडघ्यावर सरपटत जावं लागतं. टॉमी कितीदा तरी तोंडावर मास्क न लावता आत जातो, ते तर करूच नये असं. बाकी दार फोडण्याची पद्धत, वॉकीटॉकीवरची भाषा, उतरल्यावर अवजारं जागच्या जागी लावणं, यात सफाई आहे. न्यूयॉर्क दलातला खरा फायरमन सल्लागार म्हणून बरोबर होता, ते जाणवतं.

मालिका बघून आगीत काय करायचं ते शिकता येईल का?

नाही. एवढं लक्षात ठेवा: १०१ ला फोन करा, बाहेर पडताना मागची दारं ओढून घ्या, धुरात खाली वाकून चाला, बंद दार उलट्या हातानं चाचपून गरम लागलं तर उघडू नका, लिफ्टमध्ये शिरू नका, आणि बाहेर आल्यावर मोबाइलसाठी परत आत जाऊ नका. आणि बंबाचा घंटा ऐकू आला की गाडी बाजूला घ्या.

मालिकेत कॅन्सरचा विषय सारखा येतो. तो ओढूनताणून आणलाय का?

अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये फायरमनचं काम हेच माणसाला कर्करोग करणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातलं. न्यूयॉर्कच्या ढिगाऱ्यावर महिनोन् महिने काम केलेल्यांच्या फुप्फुसात ती धूळ गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या धुळीच्या आजारांनी गेलेल्या फायरमन लोकांची संख्या ३४३ झाली, म्हणजे हल्ल्याच्या दिवशी गेलेल्यांइतकीच. त्यांच्या उपचारांसाठीच्या झाड्रोगा कायद्यावर सही व्हायला २ जानेवारी २०११ उजाडावा लागला, जवळजवळ दहा वर्षं. शेवटच्या सीझनमधला राग याच काळातला आहे.

आमच्या घरात आबांचा गणवेश आई माझ्या शाळेच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवायची. पाणी काळं व्हायचं, ती दोनदा उपसायची, एवढंच. काजळीतून काय काय घरात येतं हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरात कुणी या नोकरीत असेल तर ते कपडे वेगळे धुवा, शक्यतो केंद्रावरच धुवायला सांगा, आणि काजळीच्या अंगानं लेकराला उचलून घेऊ देऊ नका. अंघोळ आधी.

मुलांबरोबर बघता येईल का?

नाही. मोठ्यांसाठीच आहे.

सातही सीझन बघावेत का? कुठं सोडलं तर चालेल?

पुढं काही घटना फुटणार आहेत, नको असेल तर पुढच्या प्रश्नावर जा.

पहिले दोन सीझन सलग बघा, त्यांच्यासारखं काम टीव्हीवर कमी झालंय. दुसऱ्याच्या शेवटी टॉमीचा लहान मुलगा दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याखाली जातो. जो बाप स्वतः पिऊन गाडी चालवत आलाय त्याच्या वाट्याला हे यावं, आणि त्यावर कुणी एक शब्दही उपदेश करू नये, ही लेखनाची ताकद. तिसरा संतापानं भरलाय. चौथ्यात केंद्राचे प्रमुख जेरी रायली आयुष्य संपवतात. तो भाग एकटं असताना बघू नका. सगळ्यांना धीर देणारा, ठणठणीत दिसणारा माणूस आतून किती पोखरलाय हे केंद्रात कुणाच्याच ध्यानात येत नाही.

२००८ मध्ये पूर्ण सीझन आला नाही, हॉलिवूडच्या लेखकांचा संप झाला होता. पाचवा २२ भागांचा आहे आणि लांबलाय, त्यातले काही भाग सोडले तरी चालतील. पण एक फ्रेंच पत्रकार येऊन प्रत्येकाला ११ सप्टेंबरविषयी विचारते ते प्रसंग चुकवू नका. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं म्हणून माणसं कशी बोलायला लागतात ते बघा. पाहुणा कलाकार म्हणून मायकल जे. फॉक्सला याच सीझनसाठी २००९ चं एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं. सातवा नऊच भागांचा, हल्ल्याला दहा वर्षं होत असताना संपलेला. शेवटाला लेफ्टनंट लू जातो. जॉन स्कर्टीनं केलेला हा लू माझ्या मते अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात सुंदर काम आहे.

घरातला माणूस टॉमीसारखा वागायला लागलाय. काय करू?

मी डॉक्टर नाही, पण अशा घरात वाढले आहे. झोप उडणं, विनाकारण भडकणं, घरात असून नसल्यासारखं बसणं, पिणं वाढणं, ठरावीक रस्ता टाळणं, हे महिनाभर टिकलं तर “नोकरीच तसली हाय” म्हणून सोडून देऊ नका. ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास, फुकट, मराठीत बोलते. दारूसाठी १४४४६ आहे. फोन त्यानंच करायला हवा असं नाही, तुम्हीही करू शकता. जीव द्यायची भाषा केली तर वाट बघू नका, त्याला एकटं सोडू नका आणि लगेच दवाखान्यात न्या.

विचारताना “काय झालंय तुम्हाला?” असं विचारलं की “काय न्हाई” एवढंच उत्तर येतं. आई आबांना विचारायची, “आज कुठली वर्दी हुती? कोण कोण हुतं बरोबर?” नावांपासून सुरू झालं की कधी कधी पुढचंही निघायचं.

मराठीत अशी मालिका का होत नाही?

व्हायला हवी, आणि कोल्हापुरातच व्हायला हवी. बाबूराव पेंटरांचं हे गाव, मोरेवाडीला चित्रनगरी उभी आहे, नटांची इथं वाण नाही. विषय तर दारात आहे: पूर, नदी, कारखाने, जळालेलं नाट्यगृह. अट एकच. पहिल्या भागात सत्कार दाखवू नका. कामावरून आलेला माणूस मोरीत पाय धुतो, जेवायला बसतो आणि पहिला घास हातात धरून बराच वेळ तसाच बसतो, तिथून सुरू करा.

१४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. त्या दिवशी मंडळातर्फे केंद्रावर मालिकेचा एखादा भाग दाखवावा का?

नको. तो दिवस १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात गेलेल्या फायरमन लोकांचा आहे. शिवाय जे आपण रोज बघतो ते पडद्यावर पुन्हा बघायची सक्ती कुणावर होऊ नये. आबांनी ही मालिका अर्धा भाग बघून बंद केली आणि मी पुन्हा आग्रह केला नाही.

मंडळाला काही करायचंच असेल तर जेवण ठेवा. घरच्यांनाही बोलवा, बायकोला, आईला, पोरांना. व्यासपीठ नको, माईक नको, खुर्च्या गोल मांडा. निवृत्त झालेल्यांना आवर्जून आणा, नवी पोरं त्यांच्यासमोर मोकळी होतात. मध्येच वर्दी आली तर निम्मी माणसं ताटावरून उठून जातील, त्यांची ताटं झाकून ठेवा आणि ती येईपर्यंत मंडळाच्या दोघा-चौघांनी थांबावं.